गड उतरताना

रविवारी पहाटे साडेपाचला आतकरवाडीत गाडी लावायला जागा शोधावी लागते. अंधारातच सिंहगडाच्या पायवाटेवर बॅटऱ्यांचे उजेड हलायला लागलेले असतात. चढणाऱ्यांत बरेचसे चाळिशी-पन्नाशीतले: बँकेतले, आयटीतले, शाळेतल्या बाई, निवृत्तीला दोन-चार वर्षं उरलेले साहेब. चढताना सगळं बोलणं दमाचं असतं. किती मिनिटांत पोचलो, कुठे थांबलो, कुणाचं घड्याळ किती ठोके दाखवतंय. वर पिठलं-भाकरी होते, मडक्यातलं दही होतं, आणि उतरायला लागलं की विषय गुडघ्यावर येतो. कुणी आडवं पाऊल टाकत उतरतो, कुणी सॅकमधून नी-कॅप काढून चढवतो, कुणी वळणावर थांबून वाटीच्या दोन्ही बाजूंना अंगठे दाबत उभा राहतो. चढताना जो सगळ्यांच्या पुढे होता तोच आता सगळ्यांच्या मागे असतो.

गेली काही वर्षं मी ही उतरण पाहते आहे. माझा डावा गुडघाही त्यात आहे. दुखणं तसं मोठं नाही; पण मधल्या वयात गुडघा दुखायला लागला की माणसाला जो सल्ला चहूकडून मिळतो, त्याने दुखण्यापेक्षा जास्त नुकसान होतं असं माझं ठाम मत झालं आहे. सल्ला एकच असतो: आता हे सगळं बंद करा.

उतरतानाच गुडघा का बोलतो, हे बर्लिनमधल्या संशोधकांनी मोजून दाखवलं आहे. त्यांनी कृत्रिम गुडघ्याच्या आतच भार मोजणारी यंत्रणा बसवली आणि असे सांधे बसवलेल्या पाच जणांना चालायला, उठा-बसायला, जिने चढा-उतरायला लावलं. २०१० साली आलेल्या त्या मोजणीत सपाटीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सरासरी २.६ पट भार येत होता, जिना चढताना ३.२ पट आणि उतरताना जवळजवळ साडेतीन पट. आता सिंहगडाचा हिशेब करू. आतकरवाडीपासून माथा सुमारे सहाशे मीटर उंच आहे. एका पावलात वीस सेंटिमीटर उतरलो असं धरलं, तर तीन हजार पावलं होतात. एकेका गुडघ्याच्या वाट्याला दीड हजार. माणूस सत्तर किलोचा असेल तर दर पावलाला दोनशे चाळीस किलोच्या आसपास भार, तोही दीड हजार वेळा. हे जपून पाऊल टाकणाऱ्याचं गणित झालं. जो दगडावरून दगडावर उड्या मारत उतरतो त्याचा आकडा याहून बराच वर जातो.

हा भार हाडाने एकट्याने घ्यायचा नसतो, मांडीच्या पुढच्या स्नायूने घ्यायचा असतो. चढताना हा स्नायू आखडत जातो आणि शरीर वर उचलतो. उतरताना त्याचं काम अवघड होतं: ताणला जात असतानाच त्याला शरीराचं वजन धरून ठेवायचं असतं, हळूहळू सोडायचं असतं. ब्रेक लावण्याचं काम हेच. त्यात दम लागत नाही, म्हणून आपल्याला वाटतं उतरणं सोपं. पण स्नायू थकला की तो धरायचं सोडतो, आणि मग पाऊल आपटायला लागतं, वाटी मांडीच्या हाडावर जोराने दाबली जाते. आतकरवाडीच्या वाटेवर शेवटच्या टप्प्यात मुरमावरून पाय घसरणाऱ्यांचं असंच झालेलं असतं. बूट चांगले असतात; मांडी संपलेली असते.

तिशीनंतर स्नायू हळूहळू कमी होत जातो, पन्नाशीनंतर जरा वेगाने. बायकांच्या बाबतीत पाळी जाण्याच्या वयाच्या आसपास गुडघ्याच्या तक्रारी वाढतात. त्यात आपला आठवडा पाहा. सोमवार ते शुक्रवार नऊ-नऊ तास खुर्चीत आणि रविवारी एकदम सहाशे मीटर. वर्षभर शेतात राबून आषाढीला आळंदी-देहूहून पंढरपूरची अडीचशे किलोमीटरची वाट धरणारा साठीचा वारकरी आणि हा रविवारचा गडकरी यांच्यात फरक वयाचा नाही, सवयीचा आहे. वारकऱ्याचे गुडघे दुखत नाहीत असं मी म्हणत नाही. मुक्कामाच्या ठिकाणी पाय चोळून देणाऱ्यांच्या सेवेला केवढी गर्दी असते, ते वारीत गेलेल्या सगळ्यांनी पाहिलंय. पण त्याच्या पायांना चालणं नवं नसतं, आणि वारी रोज थोडी-थोडी चालते.

माझी एक मैत्रीण, वय ५१, शाळेत गणित शिकवते. वीसेक वर्षं सह्याद्रीत भटकलेली. मागे एका घाटवाटेची नाळ उतरल्यावर तिचा उजवा गुडघा सुजला आणि दोन आठवड्यांत ओसरेना. एमआरआय झाला. रिपोर्ट तिने रात्री अंथरुणात पडून मोबाईलवर वाचला: आतल्या बाजूच्या गादीला मागच्या टोकाशी फाट, वाटीमागची कुर्चा मऊ पडलेली, सांध्यात थोडं पाणी. सकाळपर्यंत तिने मनाने स्वतःला चाकाच्या खुर्चीत बसवलं होतं. ज्यांना दाखवलं ते डॉक्टर म्हणाले, “मॅडम, गड बंद. जिने बंद. मांडी घालून बसणं बंद. अजून दहा वर्षं रेटा, मग बघू.” तिने ऐकलं. तो पावसाळा आणि पुढचा सगळा हिवाळा ती घर आणि शाळा एवढंच चालली. वजन वाढलं, उजवी मांडी डावीपेक्षा डोळ्यांना दिसेल इतकी बारीक झाली, आणि शाळेचा जिना चढताना गुडघा होता तितकाच दुखत राहिला.

त्या रिपोर्टबद्दल तिला कुणीतरी त्याच आठवड्यात सांगायला हवं होतं ते असं. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांच्यामध्ये दोन अर्धचंद्राकृती गाद्या असतात. वयाबरोबर त्या विरतात, त्यांना चिरा पडतात. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅममध्ये ५० ते ९० वयाच्या ९९१ लोकांचे एमआरआय काढून पाहिले. हे रुग्ण नव्हते, गावातले साधे लोक होते. २००८ साली त्याचे निष्कर्ष आले: ज्यांच्या गादीला फाट सापडली, त्यांच्यातल्या ६१ टक्के लोकांना मागच्या महिन्याभरात गुडघ्याची काही म्हणता काही तक्रार नव्हती. २०१२ साली त्याच गावातल्या, पन्नाशी ओलांडलेल्या आणि एक्स-रेत झीज न दिसणाऱ्या ७१० जणांपैकी ८९ टक्क्यांच्या गुडघ्यांत एमआरआयमध्ये काही ना काही बिघाड दिसला. म्हणजे आतकरवाडीत उभं राहून पन्नाशीच्या शंभर जणांचे एमआरआय काढले, तर हसत-खेळत चढणाऱ्या अनेकांचे रिपोर्ट माझ्या मैत्रिणीसारखेच निघतील. रिपोर्ट खोटा नसतो. दुखण्याचं कारण तेच, असं मात्र त्यावरून ठरत नाही.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेची गोष्ट इथूनच सुरू होते. “दोन छोटी भोकं, गादी साफ करू, दुसऱ्या दिवशी घरी” हे वाक्य मी बऱ्याच जणांच्या तोंडून ऐकलंय. २००२ साली ह्यूस्टनमध्ये झीज झालेल्या गुडघ्यांच्या १८० रुग्णांवर एक धाडसी प्रयोग झाला. काहींच्या गुडघ्यात दुर्बीण घालून खरोखर सफाई केली. काहींना फक्त वरच्या कातडीला छेद देऊन टाके घातले. कुणाचं काय झालं हे रुग्णांना ठाऊक नव्हतं. दोन वर्षं पाठपुरावा केला. दोन्ही गटांच्या दुखण्यात फरक नव्हता. २०१३ साली फिनलंडमध्ये ३५ ते ६५ वयाच्या १४६ जणांवर तसाच प्रयोग झाला. त्यांच्या गुडघ्यांत झीज नव्हती, नुसती विरलेल्या गादीची फाट होती. निष्कर्ष तोच. २०१७ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने नेमलेल्या तज्ज्ञांच्या गटाने, वयोमानाने झिजलेल्या जवळजवळ सगळ्याच गुडघ्यांसाठी ही शस्त्रक्रिया करू नये, अशी ठाम शिफारस केली.

तरुण कबड्डीपटूचा पाय मैदानात पिरगळला, आतून आवाज आला, तासाभरात गुडघा टम्म सुजला, तर ती गोष्ट वेगळी. तिथे अस्थिबंध तुटलेला असू शकतो आणि शस्त्रक्रियेची गरज पडू शकते. गुडघा अर्ध्यात अडकून सरळच होईनासा झाला, पाय अचानक दगा देऊन माणूस पडायला लागला, सांधा लाल-गरम होऊन ताप आला, किंवा सकाळी उठल्यावर हाताची बोटं आणि गुडघे तासभर कडक राहू लागले, तर डॉक्टरांकडे जाण्यात एक दिवसही घालवू नये. शेवटच्या लक्षणात संधिवात असू शकतो. त्याची औषधं लवकर सुरू झाली तर सांधे वाचतात.

पण आपण बोलतोय ते रविवारच्या उतरणीवरच्या गुडघ्याबद्दल. त्याला विश्रांती का मानवत नाही, याचं कारण हाडांच्या टोकांवरच्या पांढऱ्या गुळगुळीत थरात, म्हणजे कुर्चेत, आहे. कुर्चेला रक्तवाहिन्या नसतात. तिला अन्न मिळतं सांध्यातल्या द्रवातून, आणि तो द्रव आत-बाहेर होतो तो भारामुळे: पाऊल टेकलं की दाबला जाऊन बाहेर, उचललं की पुन्हा आत. न वापरलेल्या सांध्याची कुर्चा पातळ होत जाते. यंत्राचा भाग फिरून फिरून झिजतो तसं गुडघ्याचं नसतं. हा जिवंत सांधा आहे, त्याला सोसेल इतका भार मिळत राहिला तर तो टिकतो. धावणाऱ्यांच्या बाबतीत २०१७ साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. खुबा आणि गुडघ्याच्या झिजेचं प्रमाण हौसेने धावणाऱ्यांत ३.५ टक्के होतं, बैठ्या लोकांत १०.२ आणि स्पर्धात्मक पातळीवर धावणाऱ्यांत १३.३ टक्के. ज्यांचे गुडघे आधीपासून दुखतात ते धावायलाच जात नाहीत, हे या आकड्यांत लपलेलं आहे, तेव्हा धावल्यामुळेच गुडघे वाचले असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही. पण धावून गुडघे जातात, ही भीती हौशी धावकाने सोडून द्यायला हरकत नाही.

मैत्रिणीला शेवटी कोथरूडमधल्या एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे नेलं, आणि तिथे मी जे पाहिलं ते मला कुठल्याही अभ्यासापेक्षा अधिक पटलं. बाईंनी एमआरआयचं पाकीट बाजूला ठेवलं. वीतभर उंचीच्या लाकडी पायरीवर तिला उजव्या पायावर उभं केलं आणि सांगितलं, डावी टाच सावकाश खाली आणा, जमिनीला नुसती टेकवा, वजन देऊ नका, परत वर. पहिल्याच वेळी उजवा गुडघा आतल्या बाजूला, अंगठ्याच्याही पलीकडे कलला. कंबर डावीकडे पडली. मांडी थरथरली आणि टाच धपकन टेकली. बाई म्हणाल्या, “गड उतरताना तुम्ही हेच हजारो वेळा करता.” मग आरशासमोर, हात भिंतीला, पायरी अर्ध्या उंचीची. गुडघा दुसऱ्या बोटाच्या रेषेत ठेवायचा, खाली जायला तीन आकडे मोजायचे. आठ वेळा झाल्यावर तिचा चेहरा घामाने भिजला होता. एरवी पाठीवर सॅक घेऊन कातळटप्पे चढणारी ही बाई.

व्यायाम फार नव्हते. ती पायरी, खुर्चीतून हात न टेकता उठणं आणि हळू बसणं, कुल्ल्याच्या बाजूच्या स्नायूंसाठी कुशीवर झोपून पाय उचलणं, पोटऱ्यांसाठी टाचा उचलणं. महत्त्वाचं होतं ते वाढवत नेणं: दोन आठवड्यांनी पायरी मोठी, मग हातात वजन. आणि दुखण्याचा नियम. दहापैकी पाचच्या आत दुखलं तर चालू ठेवायचं. दुसऱ्या दिवशी याच वेळेपर्यंत दुखणं पहिल्या जागी आलं पाहिजे. नाही आलं तर कमी करायचं, बंद नाही. डेन्मार्कमध्ये २०१३पासून गुडघा आणि खुब्याच्या रुग्णांसाठी असाच कार्यक्रम चालतो: समजावून सांगण्याची दोन-तीन सत्रं आणि आठवड्यातून दोनदा अशी व्यायामाची बारा. तो पुढे कॅनडा, ऑस्ट्रेलियापर्यंत गेला. आपल्याकडे फिजिओकडे गेलं की मशीनचा शेक, करंट, आणि शेवटी घाईत हातात दिलेला व्यायामाचा कागद, असं अजून फार ठिकाणी चालतं. शेकाने बरं वाटतं, पण मांडीत ताकद येत नाही. पैसे आणि वेळ खर्च करायचाच असेल तर तो व्यायाम डोळ्यांसमोर करून घेणाऱ्यावर करावा.

वजनाबद्दल एकच आकडा पुरे. २००५ सालच्या एका अमेरिकन अभ्यासात एक किलो वजन उतरलं की चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोने कमी झालेला आढळला. पाच किलो उतरवलेल्या माणसाला हा हिशेब उतरणीवर कुणी समजावून द्यावा लागत नाही.

बाजार मात्र दुसऱ्याच गोष्टींचा आहे. ग्लुकोसामाइनच्या गोळ्या: २००६ साली १,५८३ रुग्णांवरच्या अमेरिकन चाचणीत एकूण रुग्णांचा विचार करता त्या दिखाऊ गोळीपेक्षा सरस ठरल्या नाहीत. स्वतःच्याच रक्तातून काढलेल्या पीआरपीचं महागडं इंजेक्शन: २०२१ सालच्या ऑस्ट्रेलियन चाचणीत वर्षभरानंतर मिठाच्या पाण्याच्या इंजेक्शनपेक्षा वेगळा परिणाम नाही. स्टेरॉइडने दुखणं काही आठवडे खरोखर कमी होतं, पण दर तीन महिन्यांनी दोन वर्षं देत राहिल्यावर कुर्चा अधिक पातळ झाली आणि दुखण्यात फरक पडला नाही, असं २०१७ साली दिसलं. निर्गुडीचं तेल, महानारायण तेल चोळून घ्यावं. बरं वाटतं, झोप लागते, अपाय नाही. वेदनाशामक मलम लावणं तर डॉक्टरही पहिल्यांदा सुचवतात. जी सवय मला भीतीदायक वाटते ती वेगळीच: चढायच्या आधी, अजून काही दुखत नसताना, ‘सावधगिरी’ म्हणून पोटात घेतलेली पेनकिलर. मे महिन्यात, पाणी कमी पडलेलं असताना, रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेल्या माणसाने ती घेतली तर गुडघा वाचवायला जाऊन मूत्रपिंड धोक्यात येतं.

गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया मधल्या वयात शेवटची पायरी समजावी. ती शस्त्रक्रिया उत्तम आहे, याबद्दल वाद नाही. आजच्या कृत्रिम गुडघ्याचा पाया ज्या रचनेने घातला ती १९७४च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये तयार झाली, आणि ती घडवणाऱ्यांत जॉन इन्सॉल, पीटर वॉकर यांच्याबरोबर मूळचे भारतीय असलेले डॉ. चित्तरंजन राणावत होते. त्यांनीच २००० आणि २००१ साली मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयींचे दोन्ही गुडघे बदलले, आणि ‘नी रिप्लेसमेंट’ हा शब्द घराघरात पोचला. ऑगस्ट २०१७मध्ये केंद्राने कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. सर्वाधिक वापरला जाणारा कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा ५४,७२० रुपयांवर आला, तेव्हा मध्यमवर्गाचा मोठा भार हलका झाला. पण वयाचा हिशेब ध्यानात ठेवावा. ब्रिटनमधल्या नोंदींवरून २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अभ्यासात, सत्तरीनंतर गुडघा बदलणाऱ्यांना आयुष्यात पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याची शक्यता पाच टक्क्यांच्या आसपास होती, पन्नाशीच्या सुरुवातीला बदलणाऱ्या पुरुषांत ती पस्तीस टक्क्यांपर्यंत जात होती. डेन्मार्कमधल्या २०१५च्या चाचणीत तर शस्त्रक्रियेला पात्र असलेल्या पन्नास रुग्णांना आधी व्यायाम, वजन आणि औषधांवर ठेवलं. वर्षभरात त्यांतल्या तेराच जणांनी शस्त्रक्रिया करून घेतली.

हे सगळं लिहिताना मला त्याच पायवाटेवरच्या दुसऱ्या बायका दिसतात. चाळिशी-पन्नाशीतल्याच. पहाटे डोक्यावर पाटी, हातात पाण्याचा कॅन घेऊन चढतात आणि दिवसभर ताक, लिंबूसरबत, काकडी विकतात. भाताच्या दिवसांत चिखलात वाकून लावणी, एरवी उकिडवं बसून खुरपणी, चुलीपुढे बसणं. “दुखतात की, पण बसून कसं भागंल?” एवढंच त्यांतल्या एकीने मला सांगितलं. भार कमी-जास्त करणं हे ज्याच्या हातात असतं त्यालाच वरचे सगळे नियम पाळता येतात. तिच्या हातात ते नाही. तिला दवाखान्यात गोळी मिळते आणि ‘वजन उचलू नका’ असं सांगितलं जातं, ज्याचा तिला काही उपयोग नाही. उंच ओटा, बसायला चौरंग, खुरपणीला लांब दांड्याचं अवजार आणि वीतभर उंचीची ती पायरी हे तिच्यापर्यंत पोचवायला फार पैसे लागत नाहीत. तालुक्याच्या रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट असेल तर त्याच्या वेळेतला एक तास या बायकांसाठी का नसावा, हा प्रश्न मला सोडत नाही.

मैत्रीण आता पुन्हा चालते. गुडघा अजूनही कधीमधी कुरकुरतो, पावसाळ्यात जरा अधिक. ती दोन काठ्या वापरते, उतरताना त्या एक वीत लांब करते आणि पाय टाकायच्या आधी खाली टेकवते. पावलं लहान, गुडघा किंचित वाकलेला, कधीही ताठ नाही. घसाऱ्यावर घाई नाही. दर अर्ध्या तासाला थांबणं, तेही दुखेपर्यंत वाट न पाहता. आणि वाट निवडताना ती आता आधी उतरण ठरवते, चढण नंतर. दिवाळीनंतर हरिश्चंद्रगड ठरला आहे. खिरेश्वरहून तोलार खिंडीने चढायचं, कारण लांबच्या चढणीचं तिला काही वाटत नाही. उतरायचं मात्र पाचनईला, ती वाट त्या मानाने सोपी आणि आखूड. त्यासाठी गाडी डोंगराला वळसा घालून पाचनईला पाठवावी लागेल. त्या जादा भाड्याचं काय करायचं, हे सोबतच्या मंडळींशी एवढ्यात बोलून घ्यायचं आहे.